घुमटाखालचा शब्द

पेंडेंटिव्ह हा शब्द मी जितक्या वेळा तोंडानं म्हटला असेल, तितक्या वेळा नागपुरातल्या एखाद्या इंजिनिअरनंही म्हटला नसेल. आणि मी कोण? पारशिवनीकडच्या खेड्यातली, मॅट्रिकला इंग्रजीत गचकलेली बाई. घुमट म्हणजे काय असं लग्नाआधी कुणी विचारलं असतं, तर मशिदीकडे बोट दाखवून मोकळी झाले असते. घुमट कशावर टेकतो, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडतो का? तो आपला वर असतो. आभाळ असतं तसा.

हा शब्द आमच्या घरात आला तो यांच्याबरोबर. हे म्हणजे माझा नवरा. एका तांत्रिक शिक्षणाच्या संस्थेत बांधकाम शिकवायचे आणि जुन्या इमारती म्हटलं की जेवायचं विसरायचे. यांचे वडील खापरखेड्याच्या पॉवरहाउसात कोळशावर होते. घरात पुस्तक हातात धरणारा हा पहिलाच माणूस. त्यामुळे झालं असं, की इंग्रजी शब्द यांच्या डोळ्यांच्या ओळखीचे असत, पण कानांवरून कधी गेलेले नसत. पुस्तकातले शब्द आपले मनातल्या मनात जमेल तसे म्हणत बसायचे. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या साहेबानं विचारलं, चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा तर कोपऱ्यात काय करशील? यांना उत्तर पाठ होतं. म्हणाले, "पेंडेंटाईव्ह." साहेब हसला. मग शेजारी बसलेल्या दुसऱ्या साहेबाला म्हणाला, तुम्हीही ऐका, आणि यांना पुन्हा म्हणायला लावलं. यांनी पुन्हा म्हटलं. चूक आहे हे कळेना, त्यामुळे जास्त मोठ्यानं म्हटलं.

ही गोष्ट हे हसत हसत सांगायचे, पण सांगताना घास हातातच राहायचा.

पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर घुमटाचा धडा आला की पहिला तास नुसत्या उच्चाराचा. सगळ्या वर्गानं बाकावर तीन थापा मारायच्या, मधली जोरात. पेन्, डेन्, टिव्ह. शेजारच्या वर्गातले मास्तर तक्रार करायचे की तुमच्याकडे काय ढोलकी चालू आहे. हे पोरांना सांगायचे, "अर्थ चुकला तर मी समजावून सांगीन. उच्चार चुकला तर लोक अर्थ ऐकतच नाहीत, आडनाव विचारतात."

मला अर्थही सांगायचे. भाकरी थापता थापता मी हूं हूं करायची. खालची खोली चौकोनी, वरचा घुमट गोल. गोल चौकोनावर ठेवला तर चार कोपरे उघडे पडतात. मग कोपऱ्यात आडवी छोटी कमान टाकून भागवायचं, त्याला स्क्विंच म्हणतात, ती जुनी तऱ्हा. नाहीतर चारही कोपऱ्यांतून एकेक वळलेला त्रिकोण वर न्यायचा, टोक खाली, रुंद बाजू वर, आणि चौघांनी वर गेल्यावर एकमेकांचे हात धरून गोल करायचा. तो त्रिकोण म्हणजे पेंडेंटिव्ह. लोलक लटकतो तसा खालून लटकल्यासारखा दिसतो म्हणून ते नाव. "दिसते लटकल्यावानी, पण घुमटाचं सारं ओझं तेच खाली नेते, समजलं का वं?" मी म्हणायची, समजलं. मला भाकरी करपायची भीती.

आणीबाणी उठली त्या वर्षाची गोष्ट. थंडी नुकती सुरू झालेली. सकाळी हे दाढी करायला बसले होते आणि वस्तरा पडल्याचा आवाज आला. मी आतून ओरडले, "पोरगी अनवाणी फिरून राहिली, वस्तरा उचला अगोदर!" बाहेर येऊन पाहते तर हे भिंतीला टेकून बसलेले, अर्ध्या गालावर साबण, उजवा हात मांडीवर कुणी ठेवून गेल्यासारखा. माझ्याकडे बघत होते आणि तोंड हलवत होते. त्यातून काही येत नव्हतं.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पाय ओढत का होईना चालायला लागले होते. हात गेला तो गेला. आणि बोलणं गेलं. ऐकू येत होतं, समजत होतं. पोरीनं पाढे चुकवले तर मान हलवून चूक आहे म्हणून दाखवत. पण पाणी हवं तर पाणी म्हणता येईना. नुसता श्वास बाहेर यायचा, आणि डोळे असे व्हायचे की मी घरभर दिसेल ती वस्तू आणून समोर धरायची. हे का? हे? हे का मग? आणि शेवटी दोघंही रडकुंडीला यायचो.

एका संध्याकाळी मी दिवा लावून बुद्धवंदना म्हणायला बसले. हे मागे बाजेवर होते. दुसऱ्या ओळीला माझ्या मागून आवाज आला. यांचा. स्वच्छ, खणखणीत, एक अक्षर न चुकता. मी वळले नाही. वळले तर थांबतील असं वाटलं. पूर्ण वंदना आम्ही दोघांनी म्हटली. पोरगी धावत शेजारी सांगायला गेली, बाबा बोलले, बाबा बोलले! बाया जमल्या. मी यांच्यापुढे बसले आणि म्हटलं, "आता पाणी म्हणा." तोंड उघडलं. श्वास. त्या बायांसमोर यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेवढंच काय ते पाणी. मी सगळ्यांना हाकलून दिलं. आनंदाच्या पाठोपाठ असं काही येतं ना, त्याला काय म्हणतात मला माहीत नाही. पायाखालची जमीन जाणं बरं, निदान माणूस पडून तरी जातो.

डॉक्टरांनी सांगितलं, "बाई, ते पाठांतर आहे. ते डोक्यात वेगळीकडे असतं. बोलणं नवीन शिकवावं लागेल, लहान लेकराला शिकवतात तसं. त्यांच्या तोंडात सगळ्यात जास्त असलेल्या शब्दापासून सुरुवात करा. त्यांचं स्वतःचं नाव घ्या. शंभरदा तुम्ही म्हणा, मग ते म्हणतील."

इथं माझी गाडी अडली. नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नव्हतं.

हसू नका. मी सहा-सात वर्षांची होते तेव्हा बापानं खांद्यावर बसवून मला दीक्षेला नेलं होतं. घरातले देव आमच्या बापानं स्वतः नदीत सोडले. उपास सोडले, अंगारे-धुपारे सोडले, पोराच्या गळ्यातला ताईत तोडून फेकला. एवढं सगळं सुटलं आणि ही एक गोष्ट तेवढी जिभेला चिकटून राहिली. लग्नात उखाणा घे म्हणून बायांनी डोकं खाल्लं तर मी तोंडात पदर कोंबून बसले. हे मला त्यावरून फार छळायचे. "काहून वं, बावीस प्रतिज्ञांत हे नव्हतं म्हणून राहून गेलं का तुझं?"

"नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होते म्हणते माय."

"मंग तर सारी गल्लीच मले मारून राहिली!"

तेव्हा हसले होते. आता दवाखान्यातून येताना सायकलरिक्षात मी यांच्या शेजारी बसून मनातल्या मनात नाव घेऊन पाहत होते आणि पहिल्या अक्षरावरूनच मागे फिरत होते. धडधाकट माणसाचं नाव घेतलं नाही, आणि आता अर्धं शरीर गेलेल्या माणसाचं घेऊ? उरलेलं अर्धंही नेऊ? ज्यांना हा वेडेपणा वाटतो त्यांना वाटू दे. त्यांनी मरणाला असं उंबऱ्यात बसलेलं पाहिलेलं नसतं.

मग यांच्या तोंडात सगळ्यात जास्त असलेला दुसरा शब्द कोणता? मला शोधावा लागला नाही. मी यांचा डावा हात माझ्या हातात घेतला, तळवा वर केला आणि त्यावर तीन थापा मारल्या, मधली जोरात. पेन्, डेन्, टिव्ह. यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की झटक्यानंतर पहिल्यांदा मला वाटलं, आत माणूस आहे.

रोज सकाळी चहाच्या आधी तेच. पोरगी शाळेत गेली की पुन्हा. डॉक्टर म्हणाले होते, नुसता शब्द घोकू नका, वस्तू हातात द्या; पाणी म्हणताना गिलास, चमचा म्हणताना चमचा. आता पेंडेंटिव्ह कुठून आणू? यांच्या जाड पुस्तकात चित्र होतं: अर्धा गोळा, त्याच्या चार बाजू सुरीनं उभ्या कापून टाकल्यासारख्या, आणि डोकं वरून छाटलेलं. मी म्हटलं, एवढंच ना. आपल्या गावात आणखी काय पिकतं? संत्रं आणलं.

संत्रं मधोमध कापलं, अर्धं पालथं घातलं, चित्रात पाहून चारही बाजूंनी सुरी चालवली. साल अलग, फोडी अलग. आपलं संत्रं ते, साल अंगाला धरून राहतच नाही, धक्का लागला की सुटतं. दुसरं कापलं, तेही तसंच. तिसऱ्याची साल हातात टोपीसारखी आली आणि फोडी परातीत घरंगळल्या. मी चिडून ती टोपी जमिनीवर आपटली, आणि मागे खुर् खुर् आवाज आला. हे हसत होते. वाकडं तोंड, एका बाजूनं लाळ, आणि हसत होते. मग डाव्या हातानं टोपलीकडे बोट दाखवलं. संत्र्यांखाली दोन मोसंब्या पडल्या होत्या.

मोसंबीची साल घट्ट. बाजू कापल्या तरी सुटली नाही. यांनी बोटानं दाखवलं, चमचा. आतला गर मी चमच्यानं कोरून काढला. यांनी बोटानं दाखवलं, आता डोकं काप, आणि मी सुरी लावली तर माझं मनगट धरून किंचित वर सरकवली. बाजू कापल्यावर ज्या चार कमानी दिसतात त्यांच्या माथ्याच्या जरा वर कापायचं, नाहीतर चारही तुकडे सुटे होतात. कापलं. पाटावर ठेवलं. चार टोकांवर ती साल उभी राहिली: खाली चौकोन, वर गोल. त्या गोलावर यांनी लिंबाची अर्धी वाटी स्वतःच्या हातानं नेऊन ठेवली. घुमट.

बारा वर्षं भाकरीसमोर हूं हूं केलेलं मला त्या दिवशी समजलं, आणि समजावणाऱ्यानं एक शब्द उच्चारला नव्हता. माझ्या छातीत काहीतरी लकाकलं. हा माणूस अजून शिकवू शकतो.

शब्द आला तो संक्रांत होऊन गेल्यावर. मी थाप मारायच्या आधीच आला. पोरगी पाटी घेऊन समोर आली आणि हे तिच्याकडे बघून म्हणाले, "पेंडेंटिव्ह." स्पष्ट, जोर मधल्यावर, पोरांकडून म्हणवून घ्यायचे तसा. मी तिळगुळाचा उरलेला डबा घेऊन गल्लीभर फिरले. ज्या बायांना हाकललं होतं त्यांच्याही दारात गेले.

दुसऱ्या दिवशी यांना पाणी हवं होतं. म्हणाले, "पेंडेंटिव्ह." मी हसून पाणी दिलं. ऊन लागत होतं, खाट सरकवायची होती: "पेंडेंटिव्ह." पोरगी पडली, गुडघा फुटला, हे अर्धवट उठून मला हाक मारत होते: "पेंडेंटिव्ह! पेंडेंटिव्ह!" मग मला हसू येईना. आत हजार शब्द होते आणि दाराशी हा एकच पहारेकरी उभा होता, दुसऱ्या कुणाला बाहेर येऊ देत नव्हता. सगळ्यात वाईट हे, की यांना कळत होतं. शब्द तोंडातून सुटला की स्वतःच्याच कपाळावर हात मारत. मी गिलास हातात देऊन पाणी, पाणी, पाणी म्हणत बसायची. हे ओठ आवळून, डोळे मिटून, सगळा जीव लावून तोंड उघडत, आणि तेच बाहेर येई.

डॉक्टर म्हणाले, होतं असं. एखादा शब्द अडकून बसतो. मी विचारलं, मी दुसऱ्या शब्दानं सुरुवात केली असती तर? ते म्हणाले, तो अडकला असता. नावानं केली असती तर नाव अडकलं असतं. मला अपराधी वाटायचं काही कारण नाही असं त्यांनी दोनदा सांगितलं. मला अपराधी नव्हतंच वाटत. मला राग येत होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

तोवर रजा सरत आली होती. संस्थेतून बोलावणं आलं, अमुक दिवशी समितीपुढे हजर व्हावं, शिकवण्याच्या कामास योग्य आहेत की नाहीत हे पाहिलं जाईल. योग्य नसतील तर नोकरी गेली. नोकरी गेली म्हणजे इंदोरा वस्तीतल्या भाड्याच्या दोन खोल्या गेल्या, पोरीची शाळा गेली, आम्ही माझ्या भावाच्या दारात. ते मी निभावलं असतं, धुणीभांडी केली असती. पण हा माणूस खडू हातात घेतल्याशिवाय जगेल कसा, हे मला दिसत नव्हतं. रविवारी सुद्धा सकाळी साडेनऊला सदरा घालून बसणारा माणूस तो. झटक्यानंतरही घालायचा. बटणं मी लावायची.

तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. निराश माणसाच्या डोक्यात येतं ते शहाणपण असतं की खूळ, हे त्याला त्या वेळी कळत नाही. यांच्याजवळ एकच शब्द आहे ना? मग धडा त्याच शब्दाचा घ्या! समिती म्हणेल शिकवून दाखवा. हे मोसंबी दाखवतील, कापलेल्या बाजू दाखवतील, चार टोकं, वरचा गोल, घुमट ठेवतील, आणि जिथं बोलायचं तिथं तोच शब्द बोलतील. तिथं तो बरोबरच असेल!

मी यांना सांगितलं. यांनी टोपलीतली एक मोसंबी उचलून बोटांत फिरवली. मग मान हलवली, हो.

पुढचे सगळे दिवस आमच्या घरात मोसंबीचा वास. मी कापायची, हे शिकवायचे, पोरगी वर्ग. डाव्या हातानं फळ्यावर चौकोन काढायचा सराव. आधी तो चौकोन बटाट्यासारखा यायचा, मग जरा पोळीसारखा, मग चौकोन. पोरगी मुद्दाम चुकीचं म्हणायची, "पेंडेंटाईव्ह!" आणि हे बोट उगारून, पाटावर तीन थापा मारून तिला सुधारायचे. त्या दिवसांत मी आनंदात होते. खोटं कशाला बोलू. मी इतकी आनंदात होते की भीतीच वाटायची.

समितीचा दिवस होळीनंतरचा, ऊन तापायला लागलेलं. पांढरा सदरा, इस्त्री केलेला. मोसंब्या मी ओल्या फडक्यात बांधून नेल्या, सुकून वाकू नयेत म्हणून. टेबलामागे तीन जण. एक डॉक्टर, एक संस्थेतले मोठे साहेब, आणि मधोमध अध्यक्ष म्हणून पिकल्या केसांचे एक गृहस्थ, तोंडावरून भले वाटणारे. मला दाराजवळच्या बाकावर बसायला सांगितलं.

यांनी फळ्यावर चौकोन काढला. चारही कोपरे बरोबर. त्यात गोल काढला. उरलेल्या एकेका कोपऱ्यावर खडू टेकवून तिघांकडे पाहिलं, आता इथं काय करशील असं विचारत. मग फडकं उघडलं. नुसती अर्धी मोसंबी. बाजू कापलेली मोसंबी. कोरून डोकं छाटलेली. एकेक उचलून तिघांना दाखवली. शेवटची टेबलावर उभी केली, वळलेल्या त्रिकोणावरून टोकापासून वरपर्यंत बोट फिरवलं, आणि टेबलावर तीन थापा मारल्या. "पेन्, डेन्, टिव्ह."

मग लिंबाची वाटी वर. ती बसली. यांनी तळहात घुमटावर ठेवून हलकेच दाबला, ओझं कुठून खाली जातं ते बोटानं चारही टोकांपर्यंत दाखवलं. संस्थेतले साहेब नकळत पुढे झुकले होते. डॉक्टर लिहायचे थांबले होते. मी बाकाची कड इतकी घट्ट धरली होती की नखात लाकडाची फांस गेली.

"सुंदर," अध्यक्ष म्हणाले. खरंच सुंदर वाटलं होतं त्यांना. "अतिशय सुंदर. नोंदीसाठी विचारतो, आपलं पूर्ण नाव सांगता?"

हे म्हणाले, "पेंडेंटिव्ह."

तिघंही हसले. मास्तरांनी विनोद केला असं वाटलं त्यांना, आणि एक क्षणभर मलाही वाटलं की हा विनोदच आहे, आता सगळे हसून उठतील. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, मऊ आवाजात. हे पुन्हा म्हणाले. आज वार कोणता? तोच शब्द. घरी कोण कोण असतं? यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि तोच शब्द म्हटला, आणि कपाळावर हात मारला. डॉक्टर लिहायला लागले.

मी उभी राहिले. कुणी बोलावलं नव्हतं. मी यांचं नाव घेतलं. मोठ्यानं, एकेरी, मैदानावरून पोराला हाक मारतात तसं. पुन्हा घेतलं. म्हटलं, "म्हणा! माझ्या मागून म्हणा, हे नाव आहे तुमचं, म्हणा!" आणि पुन्हा नाव. तीन परक्या पुरुषांसमोर मी ते नाव घेत होते आणि माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं.

हे वळले. आधी यांना समजलंच नाही कोण बोललं. मग समजलं. मी यांच्या चेहऱ्यावर लाज पाहिली. स्वतःचं नाव सांगता न आल्याची ती नव्हती. माझ्यावर ही पाळी आली याची होती. यांनी तोंड उघडलं, आणि मी पाहिलं की हे सगळा जोर लावत आहेत, मानेच्या शिरा वर आल्या. बाहेर काय येणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. यांनी तोंड मिटून घेतलं.

"बसा बाई," अध्यक्ष म्हणाले. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते ना, नावानं सुरुवात केली असती तर नाव अडकलं असतं. मग अडकायचं होतं! निदान त्या दिवशी उत्तर बरोबर आलं असतं.

कामास अयोग्य असा शेरा पडला.

परत येताना सायकलरिक्षात मी थांबलेच नाही. नाव घेतच राहिले. आता कशाला भ्यायचं? रिक्षावाला दोनदा मागे वळला. हे समोर रस्त्याकडे बघत होते. कडबी चौकाच्या अलीकडे यांनी डावा हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला. हाताला मोसंबीचा वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोजच्यासारखी चहाच्या आधी यांच्यापुढे बसले. म्हटलं, चला, आपल्याला आता घाई नाही कुणाची, पाणी म्हणायला शिकू, माझं नाव शिकू, पोरीचं शिकू. आणि यांचा हात घेतला. तळवा वर करायला गेले तर यांनी मूठ मिटली.

मला वाटलं थट्टा आहे. मी हसून बोटं उलगडायला लागले. उलगडेनात. त्या माणसाच्या अंगात जी काय ताकद उरली होती ती सगळी त्या हातात होती. मी दोन्ही हातांनी ओढलं, नखं लावली. मग माझा ताबा सुटला आणि मी त्या मुठीवर बुक्क्या मारायला लागले, "उघडा! म्हणा काहीतरी! तेच म्हणा, मले चालते, तेच म्हणा!" यांनी हात काढून घेतला नाही, मला थांबवलंही नाही. मारू दिलं. पोरगी दारात पाटी घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "बाबा आज शिकवून नाही राहिले का?"

त्यानंतर हे पुष्कळ वर्षं जगले. आम्ही भावाकडे राहिलो, पोरीचं लग्न झालं, नातू मांडीवर आला. तो शब्द मी यांच्या तोंडून परत ऐकला नाही. दुसराही कोणता ऐकला नाही. डॉक्टर शेवटपर्यंत सांगत राहिले, हा आजारच तसा आहे, जे आलं होतं तेही जातं कधीकधी. मी त्यांना कधी उलट बोलले नाही. पण ती मूठ उघडायला डॉक्टर गेले नव्हते, मी गेले होते.